काचेतलं मापटं

१

मापटं गेलं होतं.

पेटीला कुलूप होतं, काचेवर साधा ओरखडा नव्हता, आतली लाल मखमलीची गादी जिथल्या तिथे होती. फक्त गादीवर मापटं नव्हतं. मनकर्णाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. चष्मा स्वच्छ झाला, पण मापटं काही आलं नाही.

"अगं बाई!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

नगरजवळ, केडगावच्या पुढे पुणे रस्त्याला एका जुन्या जिनिंगच्या गोदामात 'वारसा दालन' नावाचं छोटेखानी संग्रहालय आहे. चौतीस वर्षं मास्तरकी करून बाई रिटायर झाल्या, घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा इथे आल्या आणि शाळांच्या सहलींचं सगळं काम अंगावर घेऊन बसल्या. 'हाताळणीचा तास' ही त्यांचीच कल्पना. पोरांनी काचेला नाकं लावून इतिहास बघायचा नाही, हाताने करायचा. कणगीतली बाजरी मापायची, जात्यावर दळायची, पीठ चाळायचं, बोरूने आपलं नाव लिहायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून शाळा यायची. आज खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरची शाळा आली होती, अडतीस पोरं आणि एक मास्तर.

मापटं होतं काष्टीच्या आबासाहेबांच्या घराण्यातलं. धान्य मापायचं, पितळी, जाड, काठाला बैलजोडी कोरलेली. आबासाहेबांनी घरातल्या चाळीस जुन्या वस्तू दालनाला दिल्या त्या एका अटीवर. "पोरांना दावा, खुशाल दावा. पर एक जरी वस्तू हरवली, तर समदं टेम्पोत घालून माघारी नेईन," असं त्यांनी बजावलं होतं. हा माणूस बोलला तसं करणारा होता. आणि आज साडेतीन वाजता, नेमकं आजच, ते पोरांना भेटायला येणार होते.

वस्तू गेल्या म्हणजे तास गेला. आणि दालनात बाईंचं उरलेलं काम म्हणजे तिकिटं फाडायचं.

"पोलिसांना फोन करतो," दालनाचे प्रमुख हर्षल म्हणाले. तिशीतला, हुशार, पण घाबरला की मिशी चावणारा माणूस. "त्याआधी पोरांच्या दप्तरांची झडती."

"झडती नाही," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, अडतीस पोरं होती इथे!"

"म्हणूनच नाही. पावणेदोन झालेत. साडेतीनपर्यंत मला वेळ द्या."

हर्षलनी मिशी चावली. "ठीक आहे. पण काय हरवलंय ते पोरांना कळता कामा नये. चोर सावध होईल. फक्त 'एक मौल्यवान वस्तू' म्हणायचं."

बाईंना ते पटलं. ही त्यांची त्या दिवसातली मोठी चूक, पण ते पुढे.

२

पहिला नंबर पार्थचा. पार्थ म्हणजे तासाला पोरांना माहिती सांगणारा मुलगा, इतिहासात एम.ए., नगरातच वाढलेला. बैल त्याने चित्रात आणि रस्त्यावर, एवढाच पाहिला होता. सकाळी बाजरी मापताना तो "एक, दोन, तीन" असं मोजू लागला, तशी पोरं खुसखुसून हसली. "सर, पयलं माप लाभ असतंय! लाभ, दोन, तीन!" पार्थ लाजला, पण त्याने वहीत टिपून घेतलं. पोरगा तसा गुणाचा.

"मी हातमोजे घालून मापटं काढलं, पोरांना दाखवलं, पेटीत ठेवलं, कुलूप लावलं," तो एका दमात म्हणाला. पाठ केलेलं उत्तर किती घाईने येतं हे बाईंना चौतीस वर्षांच्या तोंडी परीक्षांनी शिकवलं होतं.

"लगेच ठेवलंस? दळणाच्या आधी?"

"हो. लगेच."

बाई टेबलाकडे गेल्या. जात्याशेजारचं ते लांब टेबल. पोरांनी त्याच्यावरच पीठ चाळलं होतं आणि टेबलभर पिठाची पांढरट साय पसरली होती. त्या सायीत दोन गोल चकत्या कोऱ्या राहिल्या होत्या. लाकूड स्वच्छ दिसत होतं.

"इकडे ये, पार्थ. हे गोल कसले?"

पार्थ बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पीठ उडालं तेव्हा इथे काहीतरी ठेवलेलं होतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मापट्याएवढं. पेटीत होतं ते मापटं टेबलावर कसं रे?"

पोराचा बांध फुटला. बहिणीच्या निकालाचा फोन आला होता. बोलायला बाहेर जाताना त्याने मापटं टेबलावर ठेवलं, आत धूळ जाऊ नये म्हणून पालथं. परत आला तेव्हा पोरं जेवायला निघाली होती. आनंदाच्या भरात त्याने पेटीचं कुलूप दाबलं, आत काय आहे ते बघितलंसुद्धा नाही.

"पास झाली का?"

"फर्स्ट क्लास," पार्थ रडवेल्या आवाजात म्हणाला.

"पेढे दे मग. आधी मापटं सापडू दे." बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बंद कुलपाचं कोडं तर सुटलं होतं, कारण रिकाम्या पेटीलाच कुलूप लागलं होतं. पण टेबलावरून मापटं उचललं कुणी?

जाता जाता त्यांनी कणगीत डोकावलं. बांबूची, शेणाने सारवलेली, दोन पोती बाजरी पोटात घेऊन बसलेली मोठी कणगी. वरची बाजरी हाताने सपाट केलेली होती आणि मधोमध एका लहान पंजाचा ठसा उमटला होता. पोरं खेळली असतील, असं म्हणून बाई पुढे गेल्या.

३

लंकाबाई दालन झाडायच्या. त्यांना शोधायला लागलं नाही. त्या मागच्या पडवीत आपली कापडी पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या, आणि पिशवी चांगली फुगलेली होती.

"काय आहे गं पिशवीत?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई."

"लंके."

लंकाबाईंनी पिशवी उघडली. आत शेर-दीड शेर बाजरी होती, केरकचऱ्यासकट.

"पोरांनी सांडली हुती. केरात टाकू का? कोंबड्यांना न्यावी म्हनलं," लंकाबाई फणकारल्या. "माजी झडती घेता व्हय? बारा वर्सं झाली हितं, कंदी सुई उचलली न्हाई!"

"झडती कुणाचीच घेत नाही मी. दीड वाजता झाडलंस तेव्हा टेबलावर काय होतं?"

"टेबलाकडं मी बघतच न्हाई. टेबल पार्थदादाचं, भुई माजी. ते कवाच ठरलंय." मग त्या थोड्या नरमल्या. "पर एक हाय. पोरं जेवाय गेली ना, तवा एक पोरगी माघारी आत गेल्ती. पिवळी रिबन. लई येळ आतच हुती. बाहीर आली ती मान खाली घालून."

मागून कुणीतरी मोठा श्वास घेतला. हर्षल दारात उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पिवळी रिबन," ते म्हणाले. "झालं तर मग. बोलवा तिला दप्तर घेऊन."

४

पोरं लिंबाच्या सावलीत बसली होती. सकाळचा सगळा गलका विरला होता. काहीतरी किमती गेलंय आणि संशय आपल्यावर आहे, एवढं पोरांना कळायला किती वेळ लागतो? भाकरीची फडकी तशीच पुढ्यात उघडी होती.

पिवळ्या रिबनीची पोरगी म्हणजे ज्ञानेश्वरी, सातवीतली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही शाळेच्या हंगामी वसतिगृहात. मास्तर अजिनाथ सानप तिच्या पुढ्यात आडवे उभे राहिले. अंगाने किरकोळ, पण त्या क्षणी ते भिंतीसारखे दिसत होते.

"साहेब, मी बी ऊसतोडीच्या कोप्यावर, पाचटाच्या खोपटात वाढलोय," ते म्हणाले. "कारखान्याच्या गावात दुकानात काय हरवलं, की पहिली आमची गाठोडी उघडायचे. आज वर्गणी काढून पोरांना इथे आणलं, ते हे दाखवायला नाही. तिचं दप्तर उघडायचं तर आधी माझी बॅग उघडा. मग मी गावात तोंड कसं दाखवायचं ते बघतो."

"सर, माझाही नाइलाज आहे," हर्षल म्हणाले. आवाजात दम नव्हता, पण त्यांनी हात पुढे केला होता.

बाईंनी तो हात धरला आणि हर्षलना ओढतच पडवीत नेलं.

"ऐका. मी नोकरीला नवीन होते. माझं शाईचं पेन हरवलं, बक्षिसाचं. अंगद नावाच्या पोरावर मला संशय आला. सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर उलटं केलं मी. त्यातून निघाली अर्धी भाकरी आणि एक मिरची. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून अंगद शाळेत आला नाही. मी दोनदा घरी गेले, त्याने दार उघडलं नाही. आणि पेन सापडलं कुठे, माहितेय? माझ्या पर्सच्या फाटक्या अस्तरात." बाईंनी हर्षलचा हात सोडला. "त्या पोराची माफी मागायची राहून गेली ती राहिलीच. आता आणखी एक पोर नको, हर्षल. मला झेपणार नाही."

हर्षलनी घड्याळ पाहिलं. "अडीच वाजून गेलेत," शेवटी ते म्हणाले. "साडेतीनला आबासाहेब आले की मला झडती घ्यावीच लागेल. तोपर्यंत काय करायचं ते करा."

बाई पोरीजवळ जाऊन बसल्या. "ज्ञानेश्वरी, तू परत आत का गेली होतीस गं?"

पोरीचे डोळे भरून आले. सहलीला निघताना मास्तरांनी दहा वेळा सांगितलं होतं, विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. तिने ओठ दाबून धरले. "मी काय बी घेतलं न्हाई, बाई. आईच्यान्."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. दळण केलेल्या सगळ्या पोरांचे तळवे पांढरट होते. हिचा उजवा हात मात्र कोपराच्याही वरपर्यंत धुळकटलेला होता, आणि ती धूळ पिठासारखी पांढरट नव्हती, जरा मातकट होती. कोपराच्या वर जात्याचं पीठ? बाईंना ते खटकलं, पण का खटकलं ते कळेना.

५

सव्वातीन वाजले.

बाई सुन्न होऊन हाताळणीच्या खोलीत उभ्या होत्या. लंकाबाई पिशवी घेऊन आत आल्या. "ही घ्या तुमची बाजरी. कोंबड्या उपाशी ऱ्हातील, पर माज्यावर आळ नको."

"अगं, ने की घरी."

"न्हाई म्हंजे न्हाई. मापून टाकते कणगीत. समद्यांसमोर टाकते. माप कुटं हाय?"

"कुठलं माप?"

"तेच की, पत्र्याचं. बाजारातनं आनलेलं. ज्यानं पोरं मापत्यात."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, जात्यामागे पाहिलं. पार्थने कपाट उघडलं, परात उचलली, टोपल्या पालथ्या केल्या.

पत्र्याचं माप कुठेच नव्हतं.

"म्हणजे दोन चोऱ्या?" पार्थ पुटपुटला.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आबासाहेब ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. त्यांच्या काठीचा आवाज फरशीवरून जवळ येऊ लागला, पाठोपाठ हर्षलचा कसनुसा "या, या, बसा ना". आणि बाई मात्र टेबलावरच्या त्या दोन गोल चकत्यांकडे बघत राहिल्या. दोन! पहिल्यापासून दोनच होत्या, अगदी शेजारीशेजारी, आणि त्यांनी एकाच मापट्याचा हिशेब केला होता.

"अरे माझ्या कर्मा!" बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्यांना हसू फुटलं. "हर्षल, आत या! आबासाहेब, तुम्हीपण या. आणि पार्थ, त्या पोरीला बोलाव. दप्तर जागेवरच राहू दे, नुसती तिला आण."

६

आबासाहेब दारातच थबकले. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. रिकामी पेटी त्यांना एका नजरेत दिसली. "मापटं कुटं हाय?" त्यांनी विचारलं. हर्षलनी बाईंकडे पाहिलं.

"सांगते," बाई म्हणाल्या. "पण माझ्या पद्धतीने सांगते. आबासाहेब, जुनं पितळी मापटं चोरायला येणारा चोर बाजारातलं चाळीस रुपयांचं पत्र्याचं माप कशाला नेईल?"

"येडा असंल," आबासाहेब म्हणाले.

"किंवा चोरच नसेल. ही दोन्ही मापं टेबलावर शेजारीशेजारी पालथी होती. पार्थने ठेवलेली. शहरातला मुलगा, भांडं पालथं ठेवायची त्याची सवय. पीठ उडालं तेव्हा ती तिथेच होती, हे बघा गोल. नंतर कुणीतरी दोन्ही उचलली. त्या माणसाला एक जुनं आणि एक नवं असं काही दिसलंच नाही. दोन मापं दिसली, बस्स. मोकळी आणि पालथी."

आबासाहेबांच्या कपाळावरच्या आठ्या हळूच सैल झाल्या. ते काहीतरी बोलणार होते, पण बाईंनी हाताने थांबवलं, कारण पार्थ ज्ञानेश्वरीला घेऊन आला होता. मागोमाग अजिनाथ मास्तर, चेहरा ताठ.

बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "घाबरू नको गं. मला एक सांग, तुमच्या घरी बाजरी मापून झाली की आजी माप कुठं ठेवती?"

पोरीला प्रश्नाचं नवल वाटलं. इतकं साधं बाईंना माहीत नाही? "धान्यातच की. भरून आत खुपसायचं. मोकळं माप पालथं टाकलं तर आजी लई वरडती. घर मोकळं ऱ्हातंय म्हनती."

"आणि वरून?"

"वरून हात फिरवून पंजा उठवायचा. मंग कुनी हात घातला तर कळतंय."

बाईंना आता काष्टीतलं स्वतःचं माहेर आठवलं होतं, कणगीशी वाकलेली आई आठवली होती. चाळीस वर्षं प्लास्टिकच्या डब्यांतून धान्य काढता काढता हे सगळं कसं पुसून गेलं होतं! धुळकटलेला कोपर, कणगीतला पंजा, सगळं समोर होतं आणि बाई त्या मेल्या कुलपाकडे बघत बसल्या होत्या.

"जेवायला निघालीस, तेव्हा टेबलावर मापं पालथी दिसली तुला?"

"व्हय. जिवाला बरं वाटंना. म्हनून माघारी आले. पर सर म्हनले हुते हात लावायचा न्हाई, म्हनून..." तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"काढतेस का ती?"

ज्ञानेश्वरी कणगीवर ओणवी झाली आणि हात खांद्यापर्यंत बाजरीत घातला. आधी निघालं पत्र्याचं माप, शिगोशीग भरलेलं. मग तिने पुन्हा हात घातला आणि ओढत वर काढलं ते पितळी मापटं. काठावरच्या बैलजोडीवरून बाजरी घरंगळली.

हर्षल मटकन स्टुलावर बसले. पार्थने भिंतीला पाठ टेकली. लंकाबाईंनी पोरीवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि अजिनाथ मास्तरांनी तोंड वळवून रुमालाने डोळे टिपले. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते पावणेदोन तासांनी का होईना, पण सगळ्यांच्या वाट्याला आलं.

"पण तू सांगितलं का नाहीस, बाळा?" हर्षलनी विचारलं.

"तुमी मापटं गेलं म्हनलाच न्हाईत," पोरगी म्हणाली. "किमती वस्तू गेली म्हनलात. मला वाटलं सोनं-बिनं असंल."

एक साधा प्रश्न पावणेदोनला मोकळेपणी विचारला असता, तर पोरांची जेवणं तरी धड झाली असती.

आबासाहेबांनी भरलेलं मापटं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि हर्षलकडे वळले.

"साहेब, चूक तुमची हाय. मोकळं माप काचंत ठिवलंत, आन् मी बी बघून गप ऱ्हायलो, लाज वाटली पायजे मला. आजपासनं ह्ये पेटीत भरून ऱ्हाईल. दर सालच्या नव्या बाजरीनं भरायचं. आन् भरायला," त्यांनी काठी ज्ञानेश्वरीकडे केली, "हिच्या शाळेला बोलवायचं. गाडी मी धाडीन."

"म्हणजे तास..." बाई म्हणाल्या.

"तास बंद क्येला तर समदं टेम्पोत घालून माघारी नेईन," आबासाहेब म्हणाले.

चार वाजता एसटी निघाली तेव्हा पोरांचा गलका परत आला होता. "लाभ, दोन, तीन" करत एकेक जण पायरी चढत होता. आबासाहेबांनी सगळ्यांना गुडदाणी वाटली होती. ज्ञानेश्वरी मात्र पायरीवरून माघारी फिरली, पळत बाईंपाशी आली आणि दप्तर खांद्यावरून काढून तिने स्वतःच्या हाताने उघडलं.

"बाई, तुमी आमच्यापाई जेवलाच न्हाईत."

दप्तरातून निघाली अर्धी भाकरी आणि एक मिरची.

बाईंनी भाकरी घेतली. अंगद कुठे असेल कुणास ठाऊक, पण त्याच्या दप्तरातली भाकरी इतक्या वर्षांनी कुणीतरी आपण होऊन हातावर ठेवली, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला उभ्याने घास मोडला. मिरची जहाल होती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"तिखट लागली व्हय?" पोरीने काळजीने विचारलं.

"नाही गं," बाई म्हणाल्या, "लई गोड हाय."